पान्ह्यापुरतं

चुडाव्याच्या बचत गटाच्या बाया पिंगळीच्या शेळीफार्मवर आल्या तेव्हा चार वाजून गेले होते, तरी मे महिन्याचं ऊन पत्र्यावरून हटायला तयार नव्हतं. फार्मवर शेळ्या सांभाळणाऱ्या सत्यशीलेला पाहुण्यांचा मनापासून कंटाळा. पाहुणे येतात, शेळ्यांना बिस्किटं चारतात, फोटो काढतात आणि निघून जातात. मग दोन दिवस शेळ्या हगवणीने बेजार, ते निस्तरायचं हिनं. पण आजच्या पाहुण्या साक्षीने बोलावलेल्या, आणि साक्षी म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची, सिद्धोधनची लेक. तेव्हा तिने मुकाट्याने सगळ्यांना माठातलं पाणी दिलं आणि शेवरीच्या पाल्याचा भारा घेऊन गव्हाणीपाशी उभी राहिली.

साक्षी बोलायला लागली की सत्यशीलेचा ऊर भरून यायचा. काल-परवापर्यंत करडांच्या मागे उघड्या पायांनी पळणारी पोरगी आता पांढरा कोट घालून पंचवीस बायांना समजावून सांगत होती, आणि एकही बाई आपसात कुजबुजत नव्हती.

"हे वीस बोकड, सगळे दिवाळीच्या वेताचे," साक्षी सांगत होती. "कानात पिवळा बिल्ला असलेले दहा, त्यांचं आईचं दूध आम्ही पंचेचाळीस दिवसांत तोडलं. निळ्या बिल्ल्याचे दहा नव्वद दिवस प्याले. बाकी चारा, खुराक, पाणी, सगळं सारखं. उद्या सकाळी परभणीला त्यांची कत्तल होईल आणि आम्ही मांस तपासू. प्रथिनं किती, लोह किती, चरबी कोणत्या प्रकारची. दुधावर वाढलेल्याची चरबी वेगळी असते, पाल्यावर वाढलेल्याची वेगळी. पिवळ्यांचं मांस निळ्यांइतकंच सकस निघालं, तर पंचेचाळीस दिवसांत दूध तोडायला हरकत नाही. तेवढं दूध तुमच्या घरात राहील. नाही निघालं, तर आम्हीच सांगू, घाई करू नका."

"आन् ह्या पिवळ्यांला मधी एकदा बी न्हाई पाजलं?" एका बाईने विचारलं.

"एक थेंब नाही," साक्षी म्हणाली. "तीच तर सगळ्यात मोठी अट. पिलू सडाला तोंड लावून चोखायला लागलं, की दूध पोटातल्या वेगळ्याच वाटेने जातं. तेवढ्याने सुद्धा आमचा हिशेब फसतो."

सत्यशीलेच्या हातातली शेवरीची फांदी हातातच राहिली. पिलू सडाला तोंड लावून. एवढे सहा महिने या पोरीच्या तोंडून ती हजारदा ऐकत आली होती, दूध तोडायचं, दूध पाजायचं नाही. तोंड लावायचं नाही, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

आणि दहा पिवळ्यांतल्या चौघांच्या आया, बांडी, मोरी, चिमणी आणि नखरी, पान्हा चोरायच्या. बाकीच्या सहा शेळ्या हात लावला की धार द्यायच्या. या चौघी कास आवळून उभ्या राहायच्या, कितीही गोंजारा. आणि शेळीच्या कासेत दूध तुंबू दिलं तर कास सुजते, हे सत्यशीलेला कोणी शिकवायला नको होतं. म्हणून तिने तेच केलं, जे तिच्या आईने केलं, आजीने केलं, गावातली कोणतीही बाई करते. पिलू सोडायचं, त्याला कासेला दोन ढुशा देऊ द्यायच्या, चार घोट चोखू द्यायचे, पान्हा सुटला की तोंडात बोट घालून त्याला बाजूला करायचं आणि चरवी पुढे घेऊन धार काढायची. याला कोणी पाजणं म्हणत नाही. याला म्हणतात पिलू लावणं. पान्ह्यापुरतं.

दिवसातून दोनदा, शेळ्या आटेपर्यंत, दोन महिने. आणि रोज संध्याकाळी वहीतल्या 'दूध पाजले का?' या रकान्यात तिने आपल्या गोल अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. ते तिने मनापासून लिहिलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक वाळकी म्हातारी पुढे आली. चतुराबाई तिचं नाव. गटात सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात भोचक. "पोरी, येक सांग," ती साक्षीला म्हणाली. "पिलू तोडलं तर शेळी पान्हा कशी सोडती? मपल्या तर न्हाईत सोडत."

साक्षी हसली. "ते आमच्या आत्याला विचारा. तिच्या हाताला यश आहे. पिवळ्यांच्या दहाच्या दहा आयांनी शेवटपर्यंत दूध दिलं."

पंचवीस तोंडं सत्यशीलेकडे वळली. सांगून टाक, असं तिला आतून वाटलं. पण साक्षीचा तो हसरा, अभिमानाने फुललेला चेहरा समोर होता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सवय लावायची. हळूहळू लागती सवय."

हे मात्र खोटं होतं, आणि ते बोलताना तिला कळत होतं.

बाया जायला निघाल्या तेव्हा चतुराबाई हात धुवायच्या निमित्ताने नळापाशी तिच्याजवळ आली. "सवय न्हाई लागत, बाई," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्सं शेळ्या सांभाळायलेय मी. पर तुमी शिकलेली मान्सं. तुमच्या पोरीनं सांगितलं तर आमी समदी पिलं दीड म्हैन्यात तोडू. आमाला काय, दूध घरात राहतंय. पिलाचं काय व्हतंय ते तुमी बगितलंय म्हून तुमच्यावर भरवसा." आणि ती पदराला हात पुसत टमटमकडे गेली.

सत्यशीलेला त्या म्हातारीचा राग आला. मग साक्षीचा आला, मग त्या नखरीचा, जिला चार घोटांवर कधी भागायचंच नाही. सगळ्यांवर रागावून झाल्यावर उरली ती स्वतः.

सूर्य कलला तेव्हा साक्षी ऑफिसच्या खोलीत बर्फाची पेटी पुसत होती. टेबलावर पिशव्यांच्या चिठ्ठ्या ओळीने मांडलेल्या. सत्यशीलेने दार लोटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, रडलीही नाही.

साक्षीने फडकं खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"शेळ्या आटंपतूर."

"किती घोट?"

"चार. नखरीला सहा लागायचे."

साक्षी बर्फाच्या पेटीवरच बसली. तिने विचारलं, "अजून कोणाला सांगितलंस?"

"कुनालाच न्हाई."

"मग सांगू पण नको."

सत्यशीलेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पोरगी चिडेल, वही फेकेल, आत्याला नको ते बोलेल, या सगळ्याची तयारी करून ती आली होती. याची तयारी तिने केलेली नव्हती.

"अगं, तूच म्हनलीस ना मघाशी, येक थेंब बी..."

"म्हणले!" साक्षी उठून उभी राहिली. "काय म्हणले ते मला माहीत हाय, आत्या. जूनअखेर प्रबंध गेला न्हाई तर नांदेडची नोकरीची जागा गेली. पुढच्या वेताची पिलं वाढवून परत हे सगळं करायचं म्हणजे पुरतं वर्ष. पप्पांना मी काय सांगू? तुमच्या बहिणीनं केलं म्हणून सांगू?" तिचा आवाज चिरकला. "कामून सांगायलीस मला? मला ठाऊकच नसतं तर बरं झालं असतं."

"उद्या तुज्या सरांला तरी..."

"उद्या प्रत्येक गटाचं मांस एकत्र दळायचंय. दळल्यावर कोण कोणाचं पिलू, देवाला सुद्धा कळणार न्हाई. संपलं. चार पिलांनी चार घोट प्यायले, त्यानं जग बुडत न्हाई." आणि मग, लहानपणी खाऊसाठी धरायची तसा तिने आत्याचा हात धरला. "पाया पडते तुझ्या. गप्प बस."

सत्यशीलेने हात सोडवून घेतला आणि बोकडांना पाणी दाखवायला गेली. घरी तिने भाकरी तशीच झाकून ठेवली.

सकाळी सातला भागवतने टेम्पो लावला. बोकड बुजू नयेत म्हणून सत्यशीला मागे त्यांच्यात बसली, साक्षी पुढे भागवतच्या शेजारी. पिंगळीहून परभणी काही लांब नाही, पण तेवढ्या वाटेत सत्यशीलेने मनाशी चारदा ठरवलं की बोलायचं आणि चारदा ठरवलं की नाही. भावाची पोर आहे. चार-चार घोट आहेत. बायांना कुठं कळणार आहे? मग टेम्पो खड्ड्यात आपटला की चतुराबाईचा तो शब्द मनात आपटायचा. भरवसा. कोणाच्या बापाने सांगितलं होतं म्हातारीला भरवसा ठेवायला!

कत्तलीच्या शेडपाशी आदिनाथ सर आधीच येऊन थांबले होते. साक्षीचे मार्गदर्शक, उंच, शिस्तीचे, घड्याळाकडे बघत बोलणारे. शेडमध्ये फरशी धुतलेली, मांस टांगायचे आकडे लावलेले, कापणारे दोन जण हात बांधून उभे. बाहेरच्या जाळीच्या वाड्यात वीसही बोकड उतरवले. कालपासून त्यांना खुराक नव्हता, त्यामुळे ते जाळीला तोंडं घासत होते.

"आधी पिवळे घेऊ," सर म्हणाले. "साक्षी, वजनं लिहून घे. पहिला आठला आत गेला पाहिजे."

साक्षीने वजनकाटा लावला. ती आत्याकडे बघतच नव्हती. दहाही पिवळ्यांची वजनं लिहून झाली तेव्हा आठला दहा मिनिटं कमी होती. ती जवळ आली, खिशातून पन्नासची नोट काढून आत्याच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "भागवतदादांसंग जाऊन चहा घे. इथं थांबू नको, तुला बघवणार न्हाई."

भागवत फाटकाकडे निघालाच होता. सत्यशीला त्याच्या मागे चालायला लागली. फाटकापर्यंत गेली. मागे वाड्याची कडी वाजली, गळ्यात दोरी पडताच पहिला बोकड ओरडला. आपण आता चहाला गेलो तर परत कधीच बोलणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. ती वळली आणि पळतच परत आली.

"सर, थांबवा! त्या पिवळ्यांतल्या चौघांनी दूध पेलंय. मी पिलं लावली. पान्ह्यासाठी. दोन म्हैने."

शेडमधले दोघं जागीच थांबले. आदिनाथ सरांनी आधी तिच्याकडे, मग हातातल्या वहीकडे पाहिलं.

"रोज 'नाही' लिहिलंय इथे. तुमचीच सही आहे."

"पाजलं न्हाई म्हून लिवलं. लावणं म्हंजी पाजणं, हे मला कालपतूर ठाऊक नव्हतं."

सर जरा मवाळ झाले; तेच तिला जास्त लागलं. "बाई, सहा महिने तुम्ही यांना सांभाळलंत. जीव गुंतला असेल, मी समजू शकतो. कत्तलीच्या दिवशी असं पुष्कळांचं होतं. पण तुमच्या सांगण्यावरून मी काम थांबवू शकत नाही." ते साक्षीकडे वळले. "तुला यातलं काही माहीत होतं?"

सत्यशीलेने भाचीकडे पाहिलं. साक्षीने पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"नाही, सर."

पोटची नसली तरी हिला जय भीम म्हणायला आपण शिकवलं, पहिली पाटी आपण आणली, आणि ही सगळ्यांसमोर आपल्याला खोटं पाडते. एक क्षण तिला वाटलं, आपणही हसून म्हणावं, व्हय सर, जीव गुंतला, चुकलं माझं, आणि विषय मिटवावा. किती सोपं होतं!

"वाडा उघडा," ती म्हणाली.

"काय?"

"उघडा म्हनते. दोन मिन्टं. मग कापा, मी तोंड उघडणार न्हाई."

सरांनी होकारार्थी मान हलवली. गळ्यात दोरी पडलेला बोकडही परत आत सोडला. सत्यशीला आत गेली, जाळीच्या कोपऱ्यात धार काढायला बसते तशी उकिडवी बसली, चरवी धरल्यासारखे गुडघे जुळवले आणि जिभेने आवाज काढायला लागली, उर्र-च्च, उर्र-च्च. चाऱ्याला बोलवायची तिची हाक निराळी, ती फार्मवरच्या सगळ्यांना ठाऊक होती. ही फक्त पिलू लावतानाची.

आधी काहीच झालं नाही. दोघं-तिघांनी कान टवकारले आणि परत जाळी घासायला लागले. कापणाऱ्यांपैकी एक जण हसला. सत्यशीलेने परत आवाज काढला. शेळ्या आटून दोन महिने झाले होते, जनावर विसरलं असेल तर?

मग पांढऱ्या कपाळाचा, बांडीचा, मागच्या रांगेतून वाट काढत आला. त्याने तिच्या गुडघ्याला ढुशी दिली, एक, दोन, आणि तिच्या पदराचं टोक तोंडात धरून चोखायला लागला. त्याच्या मागून मोरीचा आला. मग चिमणीचा. नखरीचा सगळ्यात शेवटी आला आणि त्याने बाकीच्यांना ढकलून तिच्या काखेतच तोंड खुपसलं. चौघंही शिंगं फुटलेले, चांगले दांडगे झालेले, आणि तिच्या अंगावर तान्ह्या करडांसारखे ढुशा देत होते. चौघांच्याही कानात पिवळे बिल्ले. बाकीचे सोळा जिथल्या तिथे उभे होते.

सत्यशीला त्यांच्या माना कुरवाळत बसली आणि आता तिला रडू आलं. ही पिलं वाचली असं तिला वाटत नव्हतं. आज नाही तर पुढच्या बाजाराला ती जाणारच होती, हे तिला पक्कं माहीत होतं. पण आपण बोलावलं आणि ती आली, याचंच तिला रडू येत होतं.

आदिनाथ सरांनी वाकून एकेकाच्या बिल्ल्यावरचा आकडा वाचला. "अकरा, चौदा, पंधरा, एकोणीस. लिहून घे, साक्षी."

साक्षीने लिहिलं नाही. तिने पेनचं टोपण लावलं.

"सर, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "आत्याने मला काल संध्याकाळीच सांगितलं होतं. मीच तिला गप्प बस म्हणाले."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पिवळ्यांत सहा उरतात," ते म्हणाले. "सहांवर हा निष्कर्ष टिकणार नाही. आज कत्तल नको. पुढच्या वेताची पिलं घे आणि पुन्हा सुरू कर. जून विसर."

"हो, सर."

"आणि जे लपवलंस त्याबद्दल मला लेखी दे. आजच."

"हो, सर."

सत्यशीला जाळीच्या आतून ऐकत होती. पोरीचं वर्ष गेलं. नांदेड गेलं. हे सगळं आपल्या चार घोटांपायी, आणि ते आपणच चव्हाट्यावर मांडलं. भावाला कोणत्या तोंडाने भेटायचं ते तिला सुचेना. साक्षी तिच्याकडे बघेल, एकदा तरी बघेल, म्हणून ती वाट बघत राहिली, पण साक्षी सरांच्या पायांपाशी नजर लावून उभी होती.

सर वही मिटून जायला वळले आणि मग काही आठवल्यासारखे थांबले. "अजून एक. पुढच्या तुकडीला या बाई नकोत. नियम समजणारी दुसरी कोणी बघ."

सत्यशीलेने मान खाली घातली. हे तर होणारच होतं. कोणीही हेच म्हणालं असतं, आणि आज साक्षीने आनंदाने होकार दिला असता तरी तिने वाईट वाटून घेतलं नसतं.

"बघते, सर," साक्षी म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच जाळीच्या आत, चार बोकडांच्या गराड्यात बसलेल्या आत्याकडे पाहिलं. "पण दुसरी कोणतीही बाई आणली तरी ती पिलू लावणारच, सर. फक्त ती आपल्याला सांगणार नाही."